लँथॅनमचा थर आणि खानदेशची हवा

काचेच्या पट्टीवर लँथॅनम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवला, भट्टीत भाजून काढला आणि टेबलावर उघडा ठेवला, तर पुढे त्याचे काय होते हे बरेचसे महिन्यावर अवलंबून असते. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असतो आणि दुपारच्या हवेत आर्द्रता जेमतेम वीस टक्क्यांच्या आसपास उरते. त्या हवेत हा थर बदलेल, पण फार सावकाश. ऑगस्टमध्ये, आर्द्रता ऐंशी टक्क्यांवर गेल्यावर, तोच थर काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत आतून वेगळाच पदार्थ होऊन बसतो. वहीत मात्र त्याचे नाव तेच राहते.

दुर्मिळ मृदा ऑक्साइडांच्या पातळ थरांचा अभ्यास करताना ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. थर कशाचा आहे एवढे कळून भागत नाही. तो कसा बनला, किती तापला, कशावर बसला आणि त्यानंतर कोणत्या हवेत राहिला, हे सगळे त्याच्या अणूंच्या मांडणीत उतरलेले असते.

दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये सतरा. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा, शिवाय स्कँडियम आणि यिट्रियम. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सॅमॅरियम, गॅडोलिनियम, डिस्प्रोशियम यांच्यासह सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि ही नावे मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली. चर्चा झाली ती मुख्यतः चुंबकांची. वीज-मोटारींना चुंबक लागतात, तेव्हा ते साहजिकच होते. पण याच मूलद्रव्यांची ऑक्साइडे पातळ थरांच्या रूपात संगणकाच्या चिप, वायुसंवेदक आणि इंधनघट अशा कितीतरी ठिकाणी लागतात किंवा लागू पाहतात, आणि त्यांच्याबद्दल मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे.

भारतात ही मूलद्रव्ये प्रामुख्याने केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूतून मिळतात. इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी १९५० मध्ये स्थापन झाली आणि केरळातील अलुवा येथील तिचा कारखाना १९५२ मध्ये सुरू झाला. खानदेशाला याहून जवळचे ठिकाण मात्र नर्मदेच्या पलीकडे, गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात आहे. तिथला आंबाडोंगर हा कार्बोनेटाइट खडकाचा डोंगर फ्लुओराइटच्या खाणीसाठी जुना ओळखीचा आहे आणि त्यात दुर्मिळ मृदांचेही साठे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा पाषाण ज्या ज्वालामुखी घडामोडींत तयार झाला, त्याच घडामोडींशी त्याचे नाते आहे. म्हणजे धुळ्याच्या शेतातील काळ्या मातीचा मूळ खडक आणि आंबाडोंगरचा लँथॅनम एकाच काळातले. 

खानदेशात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळा आहेत आणि त्यांनी चांगले काम केले आहे, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावात स्थापन झाले. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. १९९० च्या आधी इथली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात एल. ए. पाटील आणि डी. आर. पाटील यांनी टिन ऑक्साइडमध्ये कॉपर ऑक्साइड घालून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साध्या खोलीच्या तापमानाला ओळखणारा संवेदक तयार केला. त्यांचा शोधनिबंध २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. तालुक्याच्या गावी, बेताच्या साधनांत झालेले हे काम आहे. त्यांच्या फिल्म 'जाड' प्रकारच्या होत्या. त्यात पदार्थाची लुगदी जाळीतून छापून भाजतात आणि थराची जाडी अनेक मायक्रोमीटर भरते. पातळ फिल्मची जाडी यापेक्षा खूपच कमी, काही नॅनोमीटरपासून फार तर एका मायक्रोमीटरपर्यंत असते. शंभर नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. इतक्या पातळ थरात पृष्ठभागावरच्या अणूंचे प्रमाण मोठे असते, म्हणून बाहेरचे जग त्याच्या आत चटकन पोहोचते.

आता मांडणीकडे वळू. बहुतेक दुर्मिळ मृदा ऑक्साइडांत धातूच्या दोन अणूंमागे ऑक्सिजनचे तीन असतात. प्रमाण एकच, पण ते रचण्याच्या पद्धती अनेक. १९२५ मध्ये गोल्डश्मिट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांची तीन रूपांत विभागणी केली. ए म्हणजे षट्कोणी, बी म्हणजे एकनताक्ष, म्हणजे एका बाजूला कललेले, आणि सी म्हणजे घनाकृती. ही विभागणी शंभर वर्षांनंतरही वापरात आहे.

कोणते मूलद्रव्य कोणते रूप घेणार, हे मुख्यतः आयनाच्या आकारावर ठरते. लँथॅनमकडून ल्युटेशियमकडे जाताना अणुक्रमांक वाढतो, पण आयन लहान होत जातो. लँथॅनमच्या आयनाची त्रिज्या सुमारे १.०३ अँगस्ट्रॉम, ल्युटेशियमची ०.८६. मोठ्या आयनाभोवती जास्त ऑक्सिजन मावतात, त्यामुळे लँथॅनम आणि नियोडिमियम ए रूपात सात ऑक्सिजनांच्या गराड्यात बसतात. यिट्रियम, अर्बियम, ल्युटेशियम यांच्याभोवती सहाच ऑक्सिजन असतात आणि त्यांना घनाकृती सी रूप मानवते. सॅमॅरियम, युरोपियम, गॅडोलिनियम ही मंडळी मधली. तापमान कमी असेल तर सी, वाढवले तर बी. संशोधकाच्या दृष्टीने खरी गंमत याच मधल्या मंडळींत आहे.

सी रूप थोडे नीट पाहण्यासारखे आहे. सिरियम डायऑक्साइडची रचना फ्लुओराइट खनिजासारखी असते. धातूचे अणू घनाच्या कोपऱ्यांवर आणि पृष्ठांच्या मध्यावर, आणि प्रत्येक धातूभोवती आठ ऑक्सिजन. या रचनेतील ऑक्सिजनच्या चारांपैकी एक जागा ठरावीक क्रमाने रिकामी केली आणि बाकीचे अणू थोडे सरकू दिले की सी रूप मिळते. एका मोठ्या घनात मग बत्तीस धातू आणि अठ्ठेचाळीस ऑक्सिजन, एकूण ऐंशी अणू येतात. बिक्सबाइट नावाच्या खनिजात ही रचना सापडली. झाकारियासेनने १९२८ मध्ये ती मांडली आणि पाउलिंग व शॅपेल यांनी १९३० मध्ये ती दुरुस्त केली. या रिकाम्या जागा महत्त्वाच्या आहेत. ऑक्सिजन एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारू शकतो तो त्यांच्याच आधाराने, आणि पाण्याच्या रेणूलाही आत शिरायला वाट त्यांच्यामुळेच मिळते.

एका रूपातून दुसऱ्या रूपात जाणे सारखेच सोपे नसते. ए आणि बी जवळची रूपे आहेत. अणू किंचित सरकले, कोन थोडे कलले की काम होते, म्हणून तो बदल झटकन होतो. सी मधून बी मध्ये जायचे तर जुने बंध तोडून नवे जोडावे लागतात. वस्तू आकसतेही. गॅडोलिनियम ऑक्साइडच्या सी रूपाची घनता घनसेंटिमीटरला सुमारे ७.६ ग्रॅम, बी रूपाची ८.३ च्या आसपास. म्हणजे आकारमान आठ-नऊ टक्क्यांनी घटते. भुकटीत हा बदल १२०० अंशांच्या आसपास होतो आणि नंतर थंड केले तरी बी रूप सहसा परत सी होत नाही. परतीसाठी लागणारी ऊर्जा थंड पदार्थाजवळ नसते.

पातळ फिल्ममध्ये हे आकडे मोडतात. आयनांचा मारा केला तर गॅडोलिनियम आणि डिस्प्रोशियमची ऑक्साइडे भट्टीशिवायही सी मधून बी मध्ये जातात. निर्वातात इलेक्ट्रॉनच्या झोताने बाष्प करून बसवलेल्या फिल्ममध्येही बी रूप १२०० अंशांच्या कितीतरी खाली सापडते. उलट सुरुवातीला अनेकदा कोणतेच रूप नसते. थंड काचेवर घाईने बसलेल्या अणूंना नीट रांगेत लागायला सवडच मिळत नाही आणि फिल्म अस्फटिकी राहते. मग तापवत गेले की आधी सूक्ष्म सी कण दिसू लागतात, पुढे ते वाढतात आणि मूलद्रव्य अनुकूल असेल तर बी किंवा ए डोके वर काढते. थर काचेला घट्ट चिकटलेला असतो, त्यामुळे आकसताना तो आडवा सरकू शकत नाही. ताण साठतो. ताण साठला की बदल लांबतो, किंवा फिल्मला भेगा जातात.

या फिल्म बनवण्यातली पहिली अडचण म्हणजे ही ऑक्साइडे वितळतच नाहीत म्हटले तरी चालेल. लँथॅनम ऑक्साइडचा द्रवणांक सुमारे २३०० अंश, यिट्रियम ऑक्साइडचा २४०० च्या पुढे. टंगस्टनच्या छोट्या होडीसारख्या भांड्यात घालून साधे बाष्पीभवन करणे कठीण, म्हणून इलेक्ट्रॉन झोत किंवा स्पटरिंगची यंत्रे वापरतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ए. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात दुर्मिळ मृदा ऑक्साइडांच्या फिल्मवर काम केले होते. गोस्वामींचे 'थिन फिल्म फंडामेंटल्स' हे पुस्तक या विषयात नव्याने शिरणाऱ्याला आजही उपयोगी पडते. आयआयटी मुंबईत अलीकडे सिलिकॉनवर गॅडोलिनियम ऑक्साइडचे एकसंध स्फटिकी थर वाढवले जातात. तिथे खालच्या सिलिकॉनची अणुमांडणी वरच्या थराला वळण लावते.

महाविद्यालयाला परवडणारी रीत वेगळी आहे आणि ती म्हणजे स्प्रे पायरोलिसिस. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने ती महाराष्ट्रात रुजवली. तिथल्या पी. एस. पाटील यांचा १९९९ चा आढावालेख जगभर वाचला गेला. रीत सांगायला सोपी आहे. सिरियम नायट्रेट पाण्यात विरघळवायचे, स्वच्छ धुतलेली काच ४०० अंशांच्या आसपास तापलेल्या पाटावर ठेवायची आणि दाबाच्या हवेने द्रावणाचा बारीक फवारा वरून सोडायचा. पाणी उडते, नायट्रेटचे विघटन होते, तपकिरी वायू निघून जातो आणि ऑक्साइड काचेवर राहते. थर जाड होत जातो तशी त्यावर प्रकाशाची रंगीत झाक फिरत जाते आणि अनुभवी हाताला त्या रंगावरून जाडीचा अंदाज येतो.

करायला बसल्यावर मात्र ही रीत हट्टी निघते. पाट थोडा थंड असेल तर थेंब काचेवर ओलाच आपटतो, पसरतो आणि कडेने गोल डाग सोडतो. फार तापला असेल तर थेंब वाटेतच सुकून भुकटी होतो. ती काचेवर बसते, पण बोट फिरवले की निघते. मधल्या काही अंशांच्या पट्ट्यातच घट्ट, पारदर्शक फिल्म मिळते. फवारा स्वतःच पाट थंड करतो, म्हणून थोडा फवारा, थोडी विश्रांती असे करावे लागते. मध्येच वीज गेली तर पाटाचे तापमान उतरते आणि फिल्मच्या खालच्या अर्ध्यात एक रचना, वरच्या अर्ध्यात दुसरी असे होऊ शकते. वीज जाणे आपल्याकडे नवीन नाही. नोंदवहीत ती वेळ लिहून ठेवली पाहिजे, इतकेच.

रचना बघायची ती क्ष-किरण विवर्तनाने, सगळे ज्याला एक्सआरडी म्हणतात त्याने. अणूंच्या समांतर पातळ्यांवरून क्ष-किरण ठरावीक कोनांनाच जोरात परततात, आणि आलेखावर त्या कोनांना शिखरे दिसतात. प्रत्येक रचनेच्या शिखरांचा संच तिचा स्वतःचा असतो. नेहमीचे तांब्याचे क्ष-किरण वापरले तर सी रूपातील यिट्रियम ऑक्साइडचे ठळक शिखर २९.२ अंशांजवळ येते, गॅडोलिनियमचे २८.६ जवळ आणि सिरियम डायऑक्साइडचे २८.५ जवळ. शेवटची दोन इतकी जवळ आहेत की एका शिखरावर विसंबून निकाल देऊ नये. शिखराची रुंदीही बोलते. शेररने १९१८ मध्ये दिलेल्या सूत्राने २८.५ अंशांजवळच्या, ०.८ अंश रुंदीच्या शिखरावरून कणाचा आकार साधारण १० नॅनोमीटर निघतो. रुंदी निम्मी झाली तर आकार दुप्पट, २० नॅनोमीटर. भट्टीत भाजल्यावर कण वाढले हे यावरूनच सांगतात. आणखी एक ध्यानात ठेवण्याजोगे. फिल्ममध्ये कण एकाच दिशेने तोंड करून बसले असतील तर आलेखावर एकच शिखर उरते आणि बाकीची दिसत नाहीत. ही नवी रचना नव्हे, रचना तीच. दिसते आहे ती एकाच बाजूने. यावरून चुकीचे निष्कर्ष निघालेले शोधनिबंध बरेच आहेत.

आता लँथॅनमकडे परत. लँथॅनम ऑक्साइडच्या ए रूपाचे ठळक शिखर ३० अंशांच्या जवळ असते. दमट हवेत ठेवलेल्या फिल्मचा आलेख काढला तर ते शिखर खुजे होते आणि १५.७ अंशांजवळ, जिथे आधी काहीच नव्हते, तिथे नवे शिखर उभे राहते. २८ अंशांजवळही एक वाढते. ही लँथॅनम हायड्रॉक्साइडची खूण. ऑक्साइडने हवेतले पाणी घेतले आणि सगळी मांडणी नव्याने केली. सादळलेल्या पापडाशी तुलना करायची तर फरक एवढाच, की पापड मऊ पडतो आणि तव्यावर पुन्हा कुरकुरीत होतो, फिल्म मात्र फुगते आणि फुटते. हायड्रॉक्साइडमध्ये लँथॅनमच्या दर दोन अणूंमागे लागणारी जागा ऑक्साइडच्या सुमारे १.७ पट असते. काचेला चिकटलेल्या थराला आडवे पसरता येत नाही, म्हणून तो वर उचलला जातो, खडबडीत होतो, धुरकट दिसू लागतो आणि शेवटी खपल्या सुटतात.

पाण्याबरोबर हवेतला कार्बन डायऑक्साइडही आत जातो आणि काही भागाचे कार्बोनेट होते. पुन्हा भाजून सारे पूर्ववत करू, असे वाटते. हायड्रॉक्साइड ३५० अंशांच्या पुढे टप्प्याटप्प्याने पाणी सोडते हे खरे, पण कार्बोनेट जायला ७०० ते ८०० अंश लागतात. सूक्ष्मदर्शकाची साधी काचपट्टी ५५० च्या पुढे वाकू लागते. म्हणजे साध्या काचेवरच्या लँथॅनम फिल्मला एकदा दमट हवा लागली, की तिची शुद्ध ऑक्साइड रचना त्या काचेवर पुन्हा मिळवता येत नाही. क्वार्ट्झ किंवा सिलिकॉन घ्यावे लागते आणि तेही थराला भेगा गेल्या नसतील तरच.

लँथॅनमच इतका तहानलेला का? त्याचा आयन या कुटुंबात सर्वांत मोठा आणि ऑक्साइड सर्वांत आम्लारिधर्मी, म्हणजे अल्कलीच्या स्वभावाचे. मूलद्रव्यांच्या रांगेत उजवीकडे जात राहावे तशी ही ओढ कमी होते. नियोडिमियमही पाणी घेते, पण लँथॅनमइतक्या घाईने नाही. यिट्रियम आणि ल्युटेशियम बरेच स्थिर. सिरियम डायऑक्साइड या ओळीत बसत नाही. त्यात सिरियमवर चार धनप्रभार असतात, रचना भक्कम असते आणि पाणी ते सहसा पृष्ठभागावरच थांबवते.

याचा फटका कुठे बसतो, हे टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले. संगणकाच्या चिपमध्ये ट्रान्झिस्टरच्या दाराशी, म्हणजे गेटपाशी, एक विद्युतरोधक थर असतो. दशकानुदशके तो सिलिकॉन डायऑक्साइडचा होता. त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३.९. ट्रान्झिस्टर लहान होत गेले तसा हा थर इतका पातळ झाला की त्यातून वीज गळू लागली. ज्याचा स्थिरांक मोठा असा पदार्थ जाड ठेवूनही तेच काम करतो. लँथॅनम ऑक्साइडचा स्थिरांक २७ च्या आसपास, म्हणून त्याच्याकडे मोठ्या आशेने पाहिले गेले. टोकियोच्या गटाला आढळले की हवेतले पाणी शोषल्यावर हा स्थिरांक घसरतो आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. अनेक प्रयोगशाळांतून लँथॅनम ऑक्साइडचा स्थिरांक वेगवेगळा का निघत होता, याचे एक मोठे कारण यातून सापडले. मोजण्याआधी प्रत्येकाचा थर वेगवेगळ्या हवेत राहिला होता. त्याच गटाने लँथॅनममध्ये यिट्रियम मिसळले, तेव्हा स्थिरांकही मोठा राहिला आणि थर पाण्याला दाद देईना. उद्योगाने २००७ मध्ये मात्र हाफ्नियमच्या ऑक्साइडची निवड केली. इंटेलच्या ४५ नॅनोमीटर चिपमध्ये ते आले.

खानदेशातल्या अभ्यासकांशी मला या ठिकाणी थेट बोलायचे आहे. तालुक्याच्या गावातील बहुतेक महाविद्यालयांत एक्सआरडी यंत्र नसते. फिल्म बनवायची शिरपूरला, चाळीसगावला किंवा साक्रीला, आणि तपासणीसाठी ती विद्यापीठात किंवा पुण्या-कोल्हापुराकडे पाठवायची. नंबर लागेपर्यंत दिवस जातात, कधी आठवडे. तेवढ्या काळात लिफाफ्यातली फिल्म दमट हवेत असते. आलेख येतो तेव्हा तो मोजतो लिफाफ्यातला पदार्थ, भट्टीतला नव्हे. टिन ऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइडच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही, म्हणून सवय लागून गेली आहे. लँथॅनम किंवा नियोडिमियमच्या बाबतीत ही सवय निकालच बदलते. थर भट्टीतून काढल्यावर सिलिका जेलच्या डब्यात ठेवणे, त्या दिवशीची आर्द्रता आणि मोजणीपर्यंतचे दिवस लिहून ठेवणे, शक्य असेल तर एकच फिल्म दोनदा मोजून घेणे, यात खर्च फारसा नाही. शोधनिबंधात एवढ्या चार ओळी वाढल्या तर तो दुसऱ्याला पुन्हा करून पाहता येतो. जपून ठेवलेल्या आणि उघड्या ठेवलेल्या फिल्मची उन्हाळा-पावसाळ्यातली तुलना हा स्वतःच एक नीट संशोधनाचा विषय आहे, आणि वर्षभरात इतकी कोरडी आणि इतकी दमट अशा दोन्ही हवा देणारे ठिकाण त्यासाठी फायद्याचेच. मुंबईच्या प्रयोगशाळेला ही सोय नाही.

मोजणारे यंत्रही तटस्थ नसते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा झोत फिल्म तापवतो. शिवाय निर्वातात त्या झोताने सिरियम डायऑक्साइडमधला ऑक्सिजन निघून जातो आणि बघता बघता रचना बदलते. सिरियमची खासियतच ही आहे. त्याचा आयन चार प्रभारांवरून तीनवर सहज येतो आणि सहज परत जातो. ऑक्सिजन सोडला की आयन मोठा होतो आणि जाळी किंचित फुगते. ऑक्सिजन मिळाला की पुन्हा आवळते. मोटारीच्या धुराड्यातील उत्प्रेरकात सिरियम असते ते यासाठीच. अगदी बारीक कणांत जाळी अशीच फुगलेली आढळते, म्हणजे फिल्ममधील कण दहा नॅनोमीटरचे आहेत की पन्नासचे यावरही अणूंमधले अंतर बदलते. वायुसंवेदकावर काम करणाऱ्यांना हा गुण उपयोगाचा आहे.

शेवटी पाण्याचीच एक वेगळी बाजू. २०१३ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत कृपा वाराणसी यांच्या गटाने जाहीर केले की सिरियमपासून ल्युटेशियमपर्यंतच्या ऑक्साइडांचे पृष्ठभाग मुळातच पाणी झिडकारतात. थेंब त्यांवर शंभर ते एकशे पंधरा अंशांच्या कोनाने उभा राहतो. चिनी मातीसारख्या इतर बहुतेक ऑक्साइडांवर तो पसरतो, म्हणून ही बातमी मोठी होती. पुढच्याच वर्षी त्याच संस्थेतील दुसऱ्या गटाने दाखवले की ताजा, स्वच्छ पृष्ठभाग पाण्याने भिजतो. हवेतील हायड्रोकार्बनचे रेणू त्यावर बसले की मग तो पाणी झिडकारू लागतो. पुन्हा हवाच.

हा वाद खानदेशासाठी निव्वळ पुस्तकी नाही. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे, त्यात पाचशे मेगावॅटचे दोन संच आहेत. टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ कंडेन्सरच्या हजारो नळ्यांवर पाणी होते. नळीवर पाण्याची सलग साय धरली तर उष्णता अडते. थेंब सुटे होऊन घरंगळले तर ती कित्येक पटींनी वेगाने जाते. वंगणासारखे सेंद्रिय लेप नळीवर टिकत नाहीत, सिरॅमिकचा थर टिकू शकतो, म्हणून या ऑक्साइडांचा विचार होतो. पण कंडेन्सरमध्ये वाफ सतत पृष्ठभाग धुऊन काढते. तिथे हायड्रोकार्बन बसून राहतील का, हा खरा प्रश्न. लँथॅनम तर तिथे पहिल्या दिवशीच फुगून सुटेल. सिरियमच्या थराला संधी आहे, आणि ती तपासायला नळीचा एक तुकडा, वाफेचे भांडे आणि एक्सआरडीचे काही आलेख पुरेसे आहेत. थर बसवल्यावर एक, महिनाभर वाफेत ठेवल्यावर दुसरा.